टाळायचे कोणी आणि कशाच्या बळावर?

साध्या ग्लुकोज बिस्किटाच्या पुड्याची मागची बाजू उजेडात धरून सावकाश वाचावी. आधी मैदा, मग साखर, मग पाम तेल. त्यानंतर इन्व्हर्ट साखरेचा पाक, बिस्कीट फुलावे म्हणून ५०३ आणि ५०० या क्रमांकांचे क्षार, मीठ, दुधाची भुकटी, तेल आणि पाणी एकजीव ठेवणारा इमल्सिफायर, कणीक यंत्रावर नीट लाटली जावी म्हणून २२३ क्रमांकाचे द्रव्य आणि शेवटी स्वाद. घटकांची नावे वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावीत असा आपल्याकडे नियम आहे. त्यामुळे पहिली तीन नावे वाचली तरी पुड्यात मुख्यतः काय आहे ते कळते, आणि अशा बिस्किटाच्या वजनात साखरेचा वाटा साधारण एक चतुर्थांश असतो. तरीही या पुड्याला कोणी चटकमटक खाणे समजत नाही. तो सकाळच्या चहाबरोबर येतो, दवाखान्यात आजाऱ्याला भेटायला जाताना पिशवीत पडतो, दात येऊ लागलेल्या बाळाच्या हातात दिला जातो आणि डाळ-तांदळाबरोबर वाणसामानाच्या यादीत लिहिला जातो. प्रक्रिया केलेले अन्न टाळणे अवघड का आहे, याचे पहिले कारण इथेच दिसते. जे टाळायचे ते आता जेवणाच्या बाहेर उरलेले नाही. ते रोजच्या खाण्यात मुरले आहे, आणि त्याला बाहेर काढण्याचे काम ज्यांच्यावर टाकले गेले आहे, त्यांच्या हातात त्यासाठी लागणारा वेळ, पैसा आणि माहिती बहुधा नसते. ‘लोकांचा जिभेवर ताबा उरला नाही’ हे निदान मला चुकीचे वाटते, आणि ते का, हे या प्रकरणात मांडायचे आहे.

सुरुवातीलाच एक आक्षेप निकालात काढला पाहिजे. अन्नावर प्रक्रिया तर माणूस हजारो वर्षे करतो आहे, मग आत्ताच एवढी ओरड का, असे विचारले जाते. आक्षेपात तथ्य आहे. भात भिजवून, भाजून, कांडून पोहे होतात. उसाचा रस आटवून गूळ होतो. गहू तीन दिवस भिजवून, त्याचा चीक काढून, शिजवून उन्हाळ्यात कुरडया घातल्या जातात. सांडगे, पापड, लोणचे, मुरांबा, कोकमाचे आगळ ही सगळी प्रक्रियाच आहे, आणि तिच्यामुळेच कोकणातला पाऊस आणि देशावरचा उन्हाळा माणसांनी निभावला. ब्राझीलमधील साओ पाउलो विद्यापीठाचे कार्लोस मोंतेरो आणि त्यांचे सहकारी यांनी २००९पासून मांडलेले ‘नोव्हा’ वर्गीकरण याच ठिकाणी उपयोगी पडते. त्यात अन्नाचे चार गट आहेत. धान्य, भाजी, दूध, अंडी असे मूळ रूपात किंवा किरकोळ प्रक्रिया करून वापरले जाणारे अन्न पहिल्या गटात. तेल, साखर, मीठ, तूप असे स्वयंपाकाला लागणारे पदार्थ दुसऱ्यात. या दोन्हींपासून बनवलेली लोणची, चीज, ताजा पाव तिसऱ्यात. चौथ्या गटात अतिप्रक्रियायुक्त अन्न येते. मूळ धान्यापासून स्टार्च, प्रथिने, तेल वेगवेगळे काढून, घरच्या फडताळात कधीच नसतात अशा द्रव्यांच्या साहाय्याने पुन्हा जोडलेला, कारखान्याबाहेर बनवताच न येणारा माल म्हणजे हा गट. पापड पहिल्या तीन गटांच्या हद्दीत राहतो. बिस्कीट, पाकिटातले नूडल्स, रंगीत शीतपेय आणि चकचकीत पिशवीतले कुरकुरीत तुकडे चौथ्या गटात जातात. तेव्हा वाद प्रक्रियेशी नाही. प्रक्रिया कशासाठी केली, हा खरा प्रश्न आहे. कुरडई धान्य टिकवते. चौथ्या गटातल्या मालाची रचना स्वस्त कच्चा माल जास्तीत जास्त खपावा यासाठी केलेली असते.

‘जास्तीत जास्त खपावा’ हा केवळ आरोप नाही, याला आधार आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी २०१९मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. वीस प्रौढांना संस्थेतच ठेवून दोन आठवडे अतिप्रक्रियायुक्त आणि दोन आठवडे साधे शिजवलेले जेवण दिले. दोन्ही आहारांत समोर ठेवलेल्या अन्नातली ऊर्जा, साखर, चरबी, मीठ आणि तंतू यांचे प्रमाण सारखे राखले होते आणि किती खायचे ते ज्याचे त्याने ठरवायचे होते. अतिप्रक्रियायुक्त जेवणावर असताना माणसे दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊ लागली, जेवणही भराभर उरकू लागली, आणि दोन आठवड्यांत त्यांचे वजन सुमारे ९०० ग्रॅम वाढले. साध्या जेवणावर ते जवळपास तेवढेच घटले. ही माणसे अचानक अधाशी झाली नव्हती, त्यांच्या ताटातले अन्न बदलले होते. मऊ, कमी चावावे लागणारे, थोड्या घासांत भरपूर ऊर्जा देणारे अन्न पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचायच्या आत संपते. २०२४मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात जवळपास एक कोटी लोकांच्या नोंदींवर आधारलेल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. त्यात असे अन्न जास्त खाणाऱ्यांमध्ये हृदयविकार, टाइप २ मधुमेह आणि नैराश्य यांचे प्रमाण अधिक आढळले.

यावर जाणकारांचा आक्षेप असा, की चौथा गट फार ढगळ आहे. त्यात साखरेचे पेय आहे आणि कारखान्यातला गव्हाच्या पिठाचा पावही आहे. हा आक्षेप मला मान्य आहे. अमेरिकेतल्या दीर्घकालीन पाहण्यांमध्ये गोड पेये आणि प्रक्रिया केलेले मांस यांचा धोका ठळक दिसतो, तर अखंड धान्याच्या न्याहारीच्या पदार्थांबाबत तसा तो दिसत नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी २०२५मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दोन्ही आहार ब्रिटनच्या सरकारी आहारसूत्रांत बसतील असे आखले होते. तिथे दोन्ही आहारांवर लोकांचे वजन घटले. साध्या अन्नावर मात्र ते सुमारे दुप्पट घटले, म्हणजे दोन टक्के विरुद्ध एक टक्का. यातून दोन गोष्टी निघतात. चौथ्या गटातला प्रत्येक पदार्थ सारखाच वाईट नाही, आणि पोषणमूल्ये सांभाळली तरी प्रक्रियेचा काही परिणाम उरतोच. गटाची सीमा थोडी पुसट आहे म्हणून गटच नाही, असे म्हणता येत नाही.

आता स्वयंपाकघरात येऊ, कारण शहाणपणाने वागू पाहणाऱ्या माणसाची खरी फसगत इथे होते. मैदा टाळायचा म्हणून तपकिरी पाव आणावा, तर अनेक पावांचा तो रंग मुख्यतः कॅरॅमलचा असतो आणि घटकांच्या यादीत पहिला मैदाच निघतो. मुलांना फळांचा रस द्यावा, तर पाकिटावरचे ‘१०० टक्के फळांचा रस’ हे शब्द काढून टाका, असे अन्नसुरक्षा प्राधिकरणाला २०२४मध्ये कंपन्यांना सांगावे लागले, कारण अनेकदा तो रस म्हणजे आटवलेल्या अर्कात पुन्हा पाणी घातलेला असे. त्याच वर्षी केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्रेत्यांना दुधात घालायच्या माल्टयुक्त भुकट्या ‘आरोग्यपेय’ या सदरातून काढायला लावल्या. ऑक्टोबर २०२५मध्ये प्राधिकरणाला पेयांच्या नावातला ‘ओआरएस’ हा शब्द काढायला लावावा लागला. जुलाब झालेल्या मुलासाठी म्हणून आईबाप जे घेत होते ते प्रत्यक्षात साखरेचे पेय असू शकत होते. आइस्क्रीमच्या शेजारी त्याच शीतपेटीत ‘फ्रोझन डेझर्ट’ असते, ज्यात दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल असते. हॉटेलातल्या भाजीत पनीर म्हणून वनस्पती तेलाचे ‘अॅनालॉग’ येऊ शकते, आणि तिथे तर वाचायला लेबलही नसते. ही सगळी उदाहरणे आरोग्याची काळजी घेऊ पाहणाऱ्या ग्राहकाची आहेत, चटोर ग्राहकाची नाहीत. फसगत त्याचीच होते, कारण काळजी हीच इथे विकण्याची युक्ती बनते.

वस्तीतल्या किराणा दुकानाचे अर्थकारणही समजून घ्यायला हवे. दुकानाच्या दर्शनी भागात पाच आणि दहा रुपयांच्या पुड्यांच्या माळा लटकलेल्या असतात. बिस्किटाचा पुडा सहा महिने टिकतो, त्याला शीतपेटी लागत नाही, वजनकाटा लागत नाही, सुट्टे पैसे परत देण्याची कटकट नसते. कंपनीचा माणूस ठरल्या वारी येतो, ऑर्डर घेतो, मांडणीची चौकट फुकट देतो आणि बरेचदा मुदत संपलेला माल बदलूनही देतो. पालेभाजीची जुडी संध्याकाळी कोमेजते आणि तो तोटा दुकानदाराचा एकट्याचा असतो. अशा दुकानदाराने केळी आणि भाजलेले शेंगदाणे पुढे मांडावेत आणि माळा मागे न्याव्यात, ही अपेक्षा कोणत्या हिशेबात बसते? रोजंदारीवरच्या घराचा हिशेबही असाच आहे. पाच रुपयांत मूल तासभर गप्प राहते, तेवढ्या पैशात अर्धे सफरचंदही येत नाही. पुडीची किंमत पाचच राहते आणि आतले वजन वर्षावर्षाला घटते, हे गिऱ्हाइकाच्या लक्षात यायला वेळ लागतो. सरकारी कराने या हिशेबाला आणखी हातभार लावला आहे. २२ सप्टेंबर २०२५पासून बिस्किटे, पाकिटातले नूडल्स, नमकीन, चॉकलेट यांवरचा वस्तू व सेवा कर १८ किंवा १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. पाकीटबंद, लेबल लावलेल्या कणकेवर जुलै २०२२पासून ५ टक्केच कर आहे. म्हणजे कणीक आणि क्रीम बिस्कीट करापुरती एका पंक्तीला बसली. साखरयुक्त शीतपेयांवर मात्र ४० टक्के कर बसवला गेला. याचा अर्थ कराने खाणे घडवता येते हे सरकारला ठाऊक आहे.

या सगळ्याहून अवघड प्रश्न वेळेचा आहे, आणि आहारावरची पुस्तके तो टाळतात. ज्वारीच्या भाकरीचे उदाहरण घ्यावे. ज्वारी निवडायची, गिरणीत दळण टाकायचे, आणि हे दर आठ-दहा दिवसांनी करायचे, कारण पीठ जुने झाले की त्याची विरी जाते आणि थापताना भाकरी चिरते. महिन्याचे पीठ एकदम भरून ठेवण्याची सोय इथे चालत नाही. पाणी किती गरम घ्यायचे, पीठ किती मळायचे, वरून पाणी केव्हा फिरवायचे, हे हाताला कळावे लागते आणि ते शिकायला वर्षे जातात. त्यात रेशनवर पिढ्यान्‌पिढ्या गहू आणि तांदूळ मिळत गेले आणि ज्वारी विकत घ्यायची वस्तू झाली. हा सगळा भार कोण उचलते? केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात, आणि जे पुरुष घरकामाला हात लावतात ते ८८ मिनिटे. नोकरी करून, लोकलने किंवा एसटीने घरी परतणाऱ्या बाईला ‘पाकीट उघडू नका, ताजे करा’ असे सांगणे म्हणजे त्या २८९ मिनिटांत भर घालायला सांगणे होय. पाकिटाने स्त्रियांचा वेळ वाचवला, हे खरे आहे. ते नाकारून केलेली कोणतीही आहारचर्चा मला प्रामाणिक वाटत नाही.

पण म्हणून पाकिटाला पर्याय फक्त घरातल्या बाईचे कष्ट हाच आहे का? इथे महाराष्ट्राने स्वतःचाच इतिहास आठवावा. मुंबईच्या गिरण्या चालू होत्या तेव्हा कोकणातून आणि घाटावरून आलेले हजारो कामगार एकेकट्याने खोल्यांत राहत होते. त्यांना कारखान्यातले तयार अन्न मिळत नव्हते, तरी ते रोज ताजे जेवत होते, कारण गिरणगावात खाणावळी होत्या. त्या बहुतांश बायका चालवत. आठ-दहा किंवा वीस-पंचवीस माणसांचा स्वयंपाक एकाच चुलीवर होई, महिन्याला पैसे येत, उधारीही चाले. या खाणावळवाल्या सावकारी कर्जात अडकलेल्या होत्या. १९७५मध्ये प्रेमा पुरव यांनी त्यांना अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केले, बँकांकडून कर्जे मिळवून दिली, आणि चुलीपुढचे काम हा व्यवसाय आहे हे मान्य करायला लावले. डबेवाल्यांची व्यवस्था तर त्याहून जुनी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची. आज गावोगावी, तालुक्याच्या ठिकाणी दिसणारी पोळी-भाजी केंद्रे त्याच वाटेवरची आहेत. मोबदला घेऊन एक बाई दहा घरांच्या पोळ्या लाटते तेव्हा नऊ घरांतला वेळ वाचतो आणि ताटात आलेले अन्न पहिल्या तीन गटांतलेच राहते. २६ जानेवारी २०२०ला राज्यात सुरू झालेली शिवभोजन थाळीही याच तत्त्वावर होती: दहा रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण आणि भात. वेळ विकत घेणे म्हणजे पाकीट विकत घेणेच, हे समीकरण बाजाराने आपल्या मनात रुजवले आहे. शिजवण्याचे काम घराबाहेर गेले म्हणून ते कारखान्यातच जावे असे नाही. खाणावळीला जागा, गॅस आणि कर्ज जितक्या सुलभपणे मिळेल, तितके पाकीट टाळणे सोपे होईल. मला या विषयातला सर्वांत आशादायक भाग हाच वाटतो, आणि सरकारी आहारधोरणात त्यालाच सर्वांत कमी जागा आहे.

आणखी एक आक्षेप गरिबांच्या नावाने घेतला जातो. पाकिटातले अन्न स्वस्त आहे, निर्जंतुक आहे, पोट भरते. उपाशी देशाने त्याच्याकडे नाक मुरडू नये. उघड्यावरच्या खाण्यापेक्षा सीलबंद पुडा सुरक्षित असू शकतो, हे कबूल. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची सुमारे ३५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली होती. त्यांना हवी असलेली प्रथिने, लोह आणि जस्त बिस्किटातून फारसे मिळत नाही. भूक मात्र मरते, आणि जेवणाची वेळ झाल्यावर मूल वरण-भाताकडे पाहत नाही. देशात मधुमेहींची संख्या दहा कोटींच्या वर असल्याचे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३मधील अभ्यासाने दाखवले आहे. अपुरे पोषण आणि जास्तीची साखर ही दोन संकटे एकाच घरात राहू लागली आहेत. घरखर्चाच्या २०२३-२४च्या राष्ट्रीय पाहणीत पेये, तयार खाणे आणि प्रक्रिया केलेले पदार्थ यांचा वाटा ग्रामीण भागात जवळपास १० टक्के आणि शहरात ११ टक्के होता, तर तृणधान्यांचा अनुक्रमे सुमारे ५ आणि ४ टक्के. या गटात बाहेरचा चहा आणि हॉटेलातले जेवणही धरलेले आहे आणि धान्य रेशनवर मोफत मिळते, हे लक्षात घेऊनच हा आकडा वाचावा. तरीही खेड्यातले घर धान्यापेक्षा या गोष्टींवर दुप्पट खर्च करते, याकडे डोळेझाक करता येत नाही.

उरतो तो ‘ज्याने त्याने ठरवावे’ हा युक्तिवाद. ठरवायला आधी कळले पाहिजे. चिलीने २०१६मध्ये साखर, मीठ, चरबी किंवा कॅलरी जास्त असलेल्या पाकिटांच्या दर्शनी बाजूला काळा अष्टकोनी इशारा सक्तीचा केला, मुलांना भुलवणारी चित्रे काढायला लावली आणि शाळांत असा माल विकायला बंदी घातली. त्यानंतर इशारा लागलेल्या गोड पेयांची खरेदी सुमारे २४ टक्क्यांनी घटली. निरक्षर माणसालाही कळेल असा तो इशारा होता. आपल्याकडे प्राधिकरणाने सप्टेंबर २०२२मध्ये अर्ध्यापासून पाच ताऱ्यांपर्यंतच्या मानांकनाचा मसुदा काढला. त्यात साखरेचे अवगुण थोड्या तंतूंनी किंवा सुक्यामेव्याने झाकले जाऊ शकतात आणि दोन तारे मिळालेली वस्तूही चांगली वाटू शकते. मसुद्याला अडीच वर्षे उलटल्यावर, एप्रिल २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तज्ज्ञ समितीच्या शिफारशी तीन महिन्यांत मागवल्या. जो निर्णय गिऱ्हाइकाने दुकानात उभ्या उभ्या घ्यावा अशी अपेक्षा आहे, त्यासाठी लागणारी खूण ठरवायला व्यवस्थेला इतका वेळ लागतो.

घराघरात आज काय करता येईल, हे थोडक्यात सांगतो. सगळेच बंद करायला जाऊ नये, ते आठवडाभरही टिकत नाही. सणावारी खाल्लेल्या आइस्क्रीमवर शक्ती घालवू नये. रोज दोनदा खाल्ले जाणारे काय आहे ते शोधावे. बहुतेक घरांत ते गोड पेय, बिस्कीट आणि मुलाच्या डब्यातली पुडी एवढेच निघते. फुटाणे, शेंगदाणे, चुरमुरे, पोहे हे पुड्यांइतकेच सहज मिळतात, टिकतात आणि त्यांना शिजवावेही लागत नाही किंवा फार थोडे लागते. आणि घरातल्या पुरुषांनी दळण, भाजी निवडणे आणि कुकर लावणे ही कामे आपली मानावीत, कारण त्या ८८ मिनिटांत भर पडल्याशिवाय वरचे काहीच होणार नाही.

पण घराच्या उंबऱ्याबाहेरही एक काम आहे आणि ते उद्याच करता येते. शाळेच्या आवारात आणि फाटकापासून पन्नास मीटरच्या आत मुलांना जास्त चरबी, साखर, मीठ असलेले पदार्थ विकू नयेत, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा २०२०चा नियम आहे. महाराष्ट्र सरकारने शाळांच्या उपाहारगृहांपुरता असाच आदेश २०१७मध्येच काढला होता. शिक्षणहक्क कायद्याने स्थापन झालेल्या शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. तुमचे मूल ज्या शाळेत जाते तिथल्या समितीच्या पुढच्या बैठकीत हा नियम वाचून दाखवा, आणि त्याची अंमलबजावणी कधीपासून होणार याची तारीख इतिवृत्तात लिहून घ्या.